"मला अजून काही झालंय का?" म्हणणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला काय सांगायचं?

अबोली

बरेच दिवस इथे नुसतीच वाचत असते. धागा पहिलाच आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मुलगा सोळा वर्षांचा. गेल्या आठवड्यात धुवायला टाकायच्या जॅकेटचे खिसे चाचपले तर लायटर हाताला लागला. सोबत पेपरमिंटच्या गोळ्यांचे सात-आठ कागद, बारीक घड्या घालून ठेवलेले. खरं सांगू, लायटरपेक्षा त्या घड्या बघून माझ्या पोटात गोळा आला. कुणी गंमत म्हणून एखाद्या वेळी सिगारेट ओढली, तर असे कागद साठत नाहीत.

विचारलं तेव्हा खोटं बोलला नाही. "सहा-सात महिने झाले, दिवसाला तीन-चार," म्हणाला. ह्यांनी आवाज चढवला, कॅन्सरचे फोटो दाखवले. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, कॅन्सर साठीत होतो. मी पंचविशीत सोडणार आहे. आत्ता मला काही झालंय का? काल पाच किलोमीटर पळून आलो." ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

तर जाणकारांनो, साठीतलं नको. सोळाव्या वर्षी शरीरात काय होतं ते सांगा. आणि ते त्याला पटेल असं सांगा.

तिरकस

रुमाल टाकून ठेवतो.

अवांतर: पोरगं खरं बोललं ही मोठी जमेची बाजू समजा. आमच्या घरी लायटर कायम मित्राचा असायचा, आणि मित्राच्या घरी तोच लायटर माझा.

स्टेथोस्कोप

छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

अबोलीताई, मुलाचा प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर कॅन्सरने द्यायचंच नाही. उत्तर असं: त्याची फुप्फुसं अजून बांधून पूर्ण झालेली नाहीत. फुप्फुसांची ताकद जन्मापासून वाढत जाते, मुलींमध्ये साधारण सतरा-अठरापर्यंत आणि मुलांमध्ये त्याही पुढे, विशीच्या सुरुवातीपर्यंत. मग काही वर्षं ती टिकते आणि पुढे वयाबरोबर हळूहळू उतरते. म्हणजे विशीत जेवढं शिखर गाठाल, त्याच पुंजीवर उरलेलं आयुष्य काढायचं. मोठेपणी ओढायला लागलेला माणूस साठवलेलं उधळतो. सोळाव्या वर्षी ओढणारा पुंजी जमा होतानाच तिला गळती लावतो.

हे अंदाजाने बोलत नाही. अमेरिकेतल्या सहा शहरांमध्ये १० ते १८ वयाच्या सुमारे दहा हजार मुलामुलींची फुंकण्याची ताकद १९७४ ते १९८९ या काळात वर्षानुवर्षं मोजली गेली. निष्कर्ष १९९६ साली छापून आले. दिवसाला पाच किंवा त्याहून जास्त सिगारेटी ओढणाऱ्या मुलांमध्ये वाढ मंदावलेली दिसली, आणि मुलींमध्ये तर मुलांपेक्षा बरीच जास्त. न ओढणाऱ्या मुली अठराच्या आसपास शिखरावर होत्या, तेव्हा ओढणाऱ्या मुलींची उतरण सुरूही झाली होती. यातल्या एकाही मुलीला तेव्हा "काही झालेलं" नसणार.

दुसरं, पळण्याबद्दल. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्टपणे त्याला धरून बसतं. म्हणजे ऑक्सिजनच्या खुर्च्यांवर भलतेच पाहुणे, आणि ते लवकर उठतही नाहीत. बसल्या जागी त्यातले अर्धे उठायलाच चार-पाच तास लागतात. मुलगा पाच किलोमीटर पळतो हे खरं. पण त्याचं हृदय तेवढ्याच अंतरासाठी जास्त ठोके देतं. नुसतं बसलेलं असतानाही ओढणाऱ्या तरुणांचा ठोका मिनिटाला दोन-तीनने जास्त पडतो.

पेशंट आत आला, बाकीचं नंतर लिहितो.

फुंका_जोरात

स्टेथोस्कोप सरांना अनुमोदन. मी फुप्फुसांची तपासणी करणारी तंत्रज्ञ. दिवसभर "जोरात, जोरात, अजून, अजून, सोडू नका, सोडू नका" असं ओरडणं हाच माझा धंदा, त्यावरून आयडी घेतला.

एक सावधगिरीची सूचना. घाबरून मुलाला तपासणीला नेलंत तर रिपोर्ट बहुतेक "नॉर्मल" येईल, आणि तो तोच कागद तुमच्यासमोर नाचवेल. असं माझ्यासमोर झालेलं आहे. सतरा वर्षांचा मुलगा, नाकाला चिमटा, गाल फुगलेले. तीनदा फुंकून घेतलं, पडद्यावर रेघ छान वर गेली. बाहेर पडताना आईला म्हणाला, "बघ!" आईचा चेहरा पडला. मला बोलायचं होतं, पण तो माझा अधिकार नाही.

नॉर्मल म्हणजे त्या वय-उंचीच्या मुलांच्या पट्ट्यात बसणं. पट्टा चांगला रुंद असतो. हाच मुलगा न ओढता कुठे पोचला असता, ते कुठलंच मशीन सांगू शकत नाही. जे कधी वाढलंच नाही ते रिपोर्टमध्ये उमटत नाही.

त्यापेक्षा कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं मशीन मिळालं तर त्यात फुंकायला लावा. व्यसनमुक्ती केंद्रात बहुधा असतं. दीर्घ श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद रोखायचा, मग हळू सोडायचा. न ओढणाऱ्याचा आकडा साधारण पाचच्या आत राहतो. ओढणाऱ्याचा लगेच वर जातो, आणि तो त्याच दिवसाचा असतो. साठीपर्यंत थांबायला नको.

चौकस

जरा विरोधी सूर लावतो, रागावू नका. दिवसाला तीन-चार म्हणजे अगदीच किरकोळ. आमचा अख्खा गट ओढायचा. निम्म्यांची आपोआप सुटली, बाकीचे ठणठणीत आहेत. माझे आजोबा शेवटपर्यंत ओढायचे आणि त्र्याऐंशीला गेले. घाबरवून पोरांना अजून चेव येतो.

निवृत्त_धूर

@चौकस, तुमच्या आजोबांना नमस्कार. पण गटातले जे आज नाहीत किंवा धापा टाकतात, ते जुन्या मित्रांच्या गप्पांना येत नाहीत हो. त्यामुळे आपल्याला ठणठणीतच दिसतात.

अबोली, मी पंधराव्या वर्षी सुरू केली. आणि ऐका, मीसुद्धा पंचविशीत सोडणार होतो! अगदी हेच वाक्य. पंचविशीत म्हटलं लग्न झाल्यावर, मग म्हटलं मूल झाल्यावर. सुटली सदतिसाव्या वर्षी, पाचव्या प्रयत्नात. आज बेचाळीस चालू आहे.

त्या वयात मला काय झालं होतं ते आत्ता मागे वळून कळतं. तीन तासांचा पेपर असायचा. दोन तास झाले की अक्षरं तीच, प्रश्न येणारा, पण डोकं वर्गाबाहेर. पाय हलायचे, घशात काहीतरी सरकायचं. पंधरा-वीस मिनिटं आधी पेपर देऊन बाहेर पडायचो. सगळ्यांना वाटायचं हुशार पोरगा, लवकर सोडवतो. मलाही तसंच वाटायचं. बाहेर कोपऱ्यावर पहिला झुरका मारला की सगळं शांत, आणि मी म्हणायचो, "टेन्शन गेलं." टेन्शन पेपरचं नव्हतंच, ती तलफ होती. ते सिगारेटनेच आणलं होतं आणि तिनेच नेलं. हा हिशेब लागायला मला वीस वर्षं लागली.

न्यूरॉन

वरचा प्रतिसाद कापून ठेवण्यासारखा. औषधशास्त्र शिकवते, म्हणून त्यामागचं यंत्र थोडं उलगडते.

झुरका घेतल्यावर निकोटिन मेंदूत पोचायला दहा-वीस सेकंद लागतात. तिथे ते ज्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या संदेश पकडणाऱ्या जागांना, चिकटतं ते आपल्या स्वतःच्या असेटिलकोलिन या संदेशवाहक रसायनासाठी बनलेले असतात. डोपामिन हे रसायन सुटतं, बरं वाटतं. वारंवार निकोटिन आलं की मेंदू त्या ग्राहींची संख्या वाढवतो, म्हणजे तोंडं वाढली. आता ती उपाशी राहिली की ओरडणार. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. निवृत्त_धूर यांचा पेपर दोन तासांनीच का बिघडायचा, ते लक्षात आलं का?

किशोरवयात यातलं सगळंच जास्त जोमाने होतं. कपाळामागचा भाग, म्हणजे "थांब, विचार कर" म्हणणारा मेंदू, पंचविशीपर्यंत घडत असतो. बक्षीस मागणारा भाग मात्र आधीच जोरात असतो. ब्रेक बसायच्या आधी गाडी रस्त्यावर आलेली. म्हणून "मी पंचविशीत सोडेन" हे त्याचं वाक्य मला फार बोचलं. ज्या भागाच्या भरवशावर तो सोडणार आहे, तोच भाग निकोटिनच्या संगतीत घडतोय.

आणि "रोज ओढल्याशिवाय व्यसन लागत नाही" हा समज सोडा. मॅसॅच्युसेट्समध्ये डीफ्रान्झा आणि सहकाऱ्यांनी सातवीतल्या मुलांचा पाठपुरावा केला, २००० साली तो प्रसिद्ध झाला. कधीमधी ओढणाऱ्या काही मुलांमध्ये तलफेची लक्षणं पहिल्या काही दिवसांत-आठवड्यांत दिसायला लागली होती, रोजची सवय लागायच्या कितीतरी आधी.

स्टेथोस्कोप

आलो परत. @चौकस, "तीन-चार म्हणजे किरकोळ" यावर बोलायलाच हवं, कारण हे माझे सहकारीसुद्धा म्हणतात. गणित सरळ असतं तर विसातली एक म्हणजे धोका विसावा हिस्सा. फुप्फुसाच्या कॅन्सरबाबतीत ते काहीसं तसं चालतं. हृदयाबाबतीत नाही. २०१८ साली १४१ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्यांच्या जवळपास निम्मा निघाला. रक्तवाहिन्यांचं अस्तर थोड्याशा धुरानेही बिघडतं आणि रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते.

हे वय झाल्यावर होतं असंही नाही. अमेरिकेत अपघातात आणि अशाच कारणांनी दगावलेल्या १५ ते ३४ वयाच्या तरुणांच्या धमन्या उघडून तपासल्या गेल्या. कोण ओढत होतं हे घरच्यांना विचारून नव्हे, धुरामुळे रक्तात वाढणाऱ्या थायोसायनेट या रसायनावरून ठरवलं. ओढणाऱ्यांच्या पोटातल्या महाधमनीत चरबीचे थर ठळकपणे जास्त होते. मरण त्या थरांनी आलं नव्हतं, पण ते बसायला लागले होते.

खोकल्याचं राहिलं. श्वासनलिकेत बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कचरा आणि कफ वर ढकलत राहतात. धुराने ते लुळे पडतात, मग कफ साचतो आणि सकाळी खाकरून काढावा लागतो. ओढणारी मुलं हे सर्दी म्हणून सांगतात, महिनोन् महिने. दमा असेल तर फवाऱ्याचं औषधही नीट लागू पडत नाही. क्वचित, विशेषतः उंच सडपातळ मुलांमध्ये, फुप्फुसाला भोक पडून हवा छातीत साठते. ओढणाऱ्यांमध्ये हे बऱ्याच पटींनी जास्त आढळतं. क्वचित आहे, म्हणून त्यावर जोर देत नाही.

चौकस

एक सिगारेट म्हणजे निम्मा धोका हे ठाऊक नव्हतं. मागे घेतो. आजोबांचं मात्र मागे घेणार नाही, माणूस गोड होता.

सतरावं_वर्ष

मी वाचतोय कधीपासून. काका-काकूंनो, एक विचारू का, ओरडू नका. मी सिगारेट नाही, व्हेप (ई-सिगारेट) ओढतो. त्यात धूर नसतो, नुसती वाफ असते. मग हे फुप्फुसांचं वगैरे लागू होतं का? आणि खरं सांगतो, त्याशिवाय मला अभ्यासाला बसताच येत नाही. मूड खूप जातो. त्यामुळे टेन्शनवर औषध म्हणूनच घेतो असं समजा.

न्यूरॉन

ओरडणार कोण? विचारलंस ते बरं केलंस.

ती वाफ नाही. पाण्याची वाफ हवेत विरते. ही प्रॉपिलीन ग्लायकोल, ग्लिसरीन, स्वादाची रसायनं आणि निकोटिन यांची फवारणी आहे. जळणं नसल्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यात जवळपास नसतो, तेवढं तुझं बरोबर. पण नव्या व्हेपमध्ये निकोटिन क्षाराच्या रूपात घालतात, ते घशाला टोचत नाही. सिगारेटचा पहिला ठसका हा निदान एक पहारेकरी होता. इथे तोही काढून टाकलाय. म्हणून नकळत जास्त निकोटिन जातं, आणि सिगारेटसारखं थोटूक हातात येत नसल्यामुळे किती झालं ते मोजताही येत नाही.

आता तुझं शेवटचं वाक्य निवृत्त_धूर यांच्या पेपरशेजारी ठेवून वाच. अभ्यासाला बसता येत नाही ते व्हेपशिवाय, की शेवटच्या व्हेपनंतर दोन तास झाल्यामुळे? २०१४ साली २६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. सोडलेल्यांची चिंता, उदासी, ताण हे सगळं न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झालेलं दिसलं. औषध असतं तर उलटं व्हायला हवं होतं ना?

मूड जातो म्हणालास ते मात्र तिथेच सोडू नकोस. व्हेप बाजूला ठेवूनही एखाद्या मोठ्या माणसाशी, जमलं तर समुपदेशकाशी बोल. इथे व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलास तरी चालेल.

तिरकस

पण २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपने पोरं पटापटा दवाखान्यात गेली होती ना? ते का सांगत नाही?

स्टेथोस्कोप

कारण अर्धवट सांगितलं की पोरं खोटं पकडतात आणि मग खरंही मानत नाहीत. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना दाखल करावं लागलं किंवा मृत्यू आला, त्यातले मृत्यू ६८. पण मुख्य संशय व्हिटॅमिन ई असिटेटवर गेला, आणि ते प्रामुख्याने गांजाचा अर्क भरलेल्या व्हेपमध्ये भेसळ म्हणून सापडलं. साध्या निकोटिन व्हेपवर तो ठपका सरसकट ठेवता येत नाही. मात्र त्यावरून "मग माझा व्हेप सुरक्षित" असंही निघत नाही. आत काय भरलंय हे ओढणाऱ्याला कळत नाही, एवढं त्यातून कळलं.

आणि हो, सिगारेट सोडायला काही प्रौढांना व्हेपची मदत होते, हेही खरं. जो मुलगा ओढतच नव्हता त्याला मात्र तो नुसता नव्याने अडकवतो. हुक्क्याबद्दल कुणी विचारण्याआधी सांगतो, पाण्यातून गेल्याने धूर थंड होतो, स्वच्छ होत नाही. तासाभराच्या बैठकीत जाणारा धूर एका सिगारेटच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त भरतो.

अबोलीताई, आता तुमच्याकडे. मुलाला "का ओढतोस" विचारू नका, त्याला उत्तर नसतं. एकच विचारा: "उठल्यावर पहिली किती वेळाने?" तीन-चार या आकड्यापेक्षा त्यावरून जास्त कळतं. आणि विचारताना त्याच्याकडे बघू नका, काहीतरी काम करत विचारा.

अबोली

काल विचारलं. कपड्यांच्या घड्या घालत होते. मला वाटलं होतं "दुपारी, मित्रांबरोबर" म्हणेल. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "अर्ध्या तासात. गच्चीवर."

म्हणजे मी हाका मारत असते, दूध तापत असतं, तेव्हा. मला काही बोलवेना. मग तोच म्हणाला, "सकाळची सोडून बघितली होती. दोन दिवस. सगळ्यांवर चिडत होतो, आठवतं? परीक्षेच्या आधी." आठवतं की! मी तेव्हा त्याला उद्धट म्हटलं होतं, दोन दिवस बोललेही नव्हते.

निवृत्त_धूर यांचा पेपरचा प्रतिसाद त्याला फोनवर पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

निवृत्त_धूर

उत्तर नको, खुणा पुरे आहेत.

चिडचिड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग तीन-चार आठवड्यांत ओसरते. नेमक्या त्या दिवसांत घरच्यांनी वाद उकरायचे नाहीत. माझ्या चौथ्या प्रयत्नाचा बळी असाच गेला, भांडण झालं आणि मी बाहेर पडलो. तलफेची एकेक लाट मात्र काही मिनिटांचीच असते. मी तेव्हा जिने चढायचो. वर पोचेपर्यंत ती गेलेली असायची, आणि धापही सांगायची की बाबा रे, का सोडतोयस.

अजून एक, ह्यांना सांगा: फोटो बंद.

स्टेथोस्कोप

उठल्यावर अर्ध्या तासात म्हणजे ओढ पक्की आहे, हलक्यात घेऊ नका. डॉक्टरांना दाखवा, पण शिक्षा म्हणून नव्हे. निकोटिनचे पॅच किंवा च्युइंगम परस्पर आणून देऊ नका. या वयात ते द्यायचे का, किती, हे तपासून ठरवावं लागतं. समुपदेशनाने बऱ्याच मुलांना मदत होते.

आणि त्याला पंचविशीचं आवडतं, तर हेही सांगा. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षं पाठपुरावा झाला. ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं कमी जगले, तिशीत सोडलेल्यांनी ती जवळपास सगळी परत मिळवली. म्हणजे लवकर सोडण्याचा त्याचा विचार चुकीचा नाही. फक्त तारीख चुकली आहे, कारण फुप्फुसं तोवर वाढायची थांबलेली असतील.

फुंका_जोरात

आणि मशीनचं विसरू नका.

अबोली

तीन आठवड्यांनी लिहितेय, क्षमस्व.

केंद्रात गेलो. मी बाहेरच बसले, त्याची अट होती. पहिल्या दिवशी मशीनवर १४ आला. "मॅडमने काही लेक्चर दिलं नाही, नुसता आकडा वहीत लिहिला," असं घरी आल्यावर दोनदा सांगितलं त्याने. मधे चार दिवस घर म्हणजे ज्वालामुखी. ह्यांनी दात-ओठ खाल्ले, पण बोलले नाहीत. अकराव्या दिवशी एक ओढली, ते स्वतःच येऊन सांगितलं. मी फक्त "बरं" म्हटलं, आणि आत जाऊन रडले.

काल परत फुंकला, ३ आला. मॅडमकडून वहीच्या त्या पानाचा फोटो काढून आणलाय. १४ च्या खाली ३. आज सकाळी जॅकेट धुवायला टाकलं, खिसे मी तपासले नाहीत.

@सतरावं_वर्ष, तो विचारतोय तू कुठवर आलास.

सतरावं_वर्ष

सांगा त्याला, सहावा दिवस. आणि त्याचा सकाळचा वेळ कसा गेला ते विचारा, मला तिथेच अडतंय.